कळ कुणाच्या हातात?

नंदुरबार-नवापूरच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला रेल्वेचे आवाज शिकवावे लागत नाहीत. आलेली गाडी माल आहे की पॅसेंजर, हे तो अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो. नवापूरचे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. गाडी सुरतेकडे निघाली की इंजिन परराज्यात आणि मागचे डबे अजून आपल्याच राज्यात, असा प्रकार तिथे रोजचाच. फाटकाआधी रुळाच्या कडेला पिवळी पाटी असते, तिच्यावर ‘सी/फा’ अशी अक्षरे असतात. ‘सी’ म्हणजे सीटी आणि ‘फा’ म्हणजे फाटक. ती पाटी दिसली की ड्रायव्हरने भोंगा वाजवायचा असतो. दुसरा ओळखीचा आवाज मालगाडी सुटतानाचा. इंजिन ओढू लागते, पहिल्या वाघिणीला हिसका बसतो, मग दुसरीला, मग तिसरीला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती खडखड धावत जाते.

भोंगा आणि जोडणीचा हिसका या दोन आवाजांविषयीच आज लिहायचे आहे. मात्र खऱ्या गाडीच्या नव्हे, खेळातल्या.

आपल्या जिल्ह्यातले असे घर क्वचितच सापडेल, ज्याचे कुणी ना कुणी सुरतेला नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत फिरताना अहिराणी कानावर पडते, तेव्हा आपण तापीच्या कुठल्या काठाला आहोत याचा क्षणभर विसर पडतो. लूमवर, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, साडीच्या घडीकामावर आपली माणसे तिथे पिढ्यान् पिढ्या राबत आहेत. उधन्याहून जळगावकडे येणारा आपला लोहमार्ग डिंडोलीच्या अंगानेच जातो. माझी मोठी बहीण तिथे राहते. दाजी एम्ब्रॉयडरी मशीनचे मेकॅनिक आहेत. त्यांचा धाकटा मुलगा, माझा भाचा, अकरा वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे.

हा आजार अनेकांना पोलिओसारखा वाटतो, तो तसा नाही. मेंदू घडत असताना किंवा जन्माच्या सुमारास त्याला इजा झाली, की स्नायूंवरचा ताबा बिघडतो. ही इजा पुढे वाढत जात नाही, पण नाहीशीही होत नाही. बुद्धीवर परिणाम होतोच असेही नाही. भाच्याला बोलता येत नाही आणि बोटे हवी तशी वळत नाहीत. उजव्या हाताची मूठ मात्र तो खाली दाबू शकतो. त्याला समजते किती, हे ताईला विचारावे. गाडीचा भोंगा आमच्या कानावर येण्याआधीच तो खिडकीकडे मान वळवून हसू लागतो.

दाजींचे एक चुलतभाऊ अमेरिकेत असतात. मागच्या दिवाळीला आले तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी खेळण्यातली रेल्वे आणली. आपल्या जत्रेत मिळते ती चावीची गाडी नव्हे. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे डिझेल इंजिन, चार वाघिणी, लोखंडी रूळ आणि हातात मावणारा रिमोट. तिकडच्या घरात वीज असते एकशेवीस व्होल्टच्या आसपास, आपल्याकडे दोनशेतीस. सोबत आलेला अडॅप्टर थेट आपल्या प्लगला लावला असता तर जळून गेला असता. दाजींनी आधी व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि मगच गाडी रुळावर ठेवली.

या इंजिनाच्या पोटात काय असते, हे समजून घेण्यासारखे आहे. रुळातून येते ती फक्त वीज. ‘पुढे जा’, ‘थांब’, ‘भोंगा वाजव’ हे हुकूम रिमोटमधून रेडिओलहरींनी इंजिनातल्या चिपकडे जातात. मोठ्या हौशी लोकांकडे दुसरी पद्धत असते, तिला डीसीसी म्हणतात. तिच्यात हुकूमही रुळातूनच, विजेच्या ठोक्यांच्या रूपाने जातात. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर असतो आणि ते फक्त त्या नंबरचा हुकूम ऐकते. बँकेत टोकनचा नंबर पुकारला की बाकीचे बसून राहतात आणि एकच जण उठतो, तसे. म्हणून एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळी चालवता येतात.

आवाज म्हणजे खऱ्या इंजिनांचे ध्वनिमुद्रण. ते चिपमध्ये साठवलेले असते. डिझेल इंजिनाच्या हँडलला बहुधा आठ खाचा असतात, त्यांना नॉच म्हणतात. वाराणसीला बनलेली आणि आपल्या मार्गावर कित्येक वर्षे धावलेली डब्ल्यूडीएम-२ ही इंजिनेही आठ नॉचचीच. खेळातल्या इंजिनाचा वेग वाढवला की आवाज त्या नॉचप्रमाणे चढत जातो. वाफेचे इंजिन असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा ‘छुक्’ झाले पाहिजे, कारण दोन सिलिंडर आणि प्रत्येकात दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकलला जातो. चांगल्या मॉडेलमध्ये हा हिशोब पाळलेला असतो. स्पीकर रुपयाच्या नाण्याएवढा, पण तो बंद डबीत बसवावा लागतो. उघडा ठेवला तर त्याच्या पुढून आणि मागून निघालेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि भोंग्याची पिपाणी होते.

रिमोटवर एक बटण घंटेचे आहे. अमेरिकेत इंजिनाला खरोखरच घंटा असते, आपल्याकडे नसते. ती वाजली तेव्हा ताईच्या सासूबाईंनी हात जोडले, गाडीत देऊळ आहे की काय म्हणून.

आता कपलर, म्हणजे दोन डब्यांना जोडणारा सांधा. पूर्वी आपल्याकडे स्क्रू कपलिंग असे. रेल्वेचा माणूस दोन बफरांच्या मधे शिरून तो जड आकडा उचलून अडकवत असे. जिवावरचे काम. आता मालगाड्यांना मधोमध पंजासारखा कपलर असतो. दोन पंजे एकमेकांवर आदळले की आपोआप जुळतात. सोडवताना मात्र बाजूचा दांडा उचलायला आजही माणूस लागतो. या खेळातले इंजिन तेवढ्यापुरते खऱ्याच्या पुढे आहे. बटण दाबले की कपलरमधल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात क्षणभर वीज जाते, लोखंडी खिट्टी ओढली जाते आणि पंजा उघडतो. वीज क्षणभरच. सतत राहिली तर वेटोळे जळेल.

पण नुसते बटण दाबून भागत नाही. गाडी ओढीवर असेल तर पंजे एकमेकांत घट्ट रुतलेले असतात आणि खिट्टी सुटत नाही. आधी थांबायचे, मग किंचित मागे ढकलून सांधा ढिला करायचा, त्याच वेळी बटण दाबायचे आणि मग इंजिन पुढे काढायचे. जर्मन हौशी लोक या पुढे-मागे होण्याला ‘कपलरचा वॉल्ट्झ’ म्हणतात. वॉल्ट्झ हा जोडीने नाचायचा नाच. जोडतानाही इंजिन मुंगीच्या पावलाने न्यायचे. जोरात आदळले तर डबे रुळावरून उतरतात.

अशी ही गाडी डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत आली आणि गल्लीतली सगळी पोरे जमली. ज्याच्यासाठी आली होती तो भिंतीला उशा लावून बसला होता आणि चालवत होते बाकीचे. रिमोटची बटणे मुगाच्या दाण्याएवढी, त्याच्या मुठीला ती सापडणार कशी? त्यातून आणखी एक अडचण. मोठ्या भावाने भोंगा वाजवला की याचे सगळे अंग दचकून ताठ होई. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना अचानक आलेला आवाज असाच बाधतो. दाजींनी आवाज अर्ध्यावर आणला, तरी दचकणे थांबेना. आलेल्यांपैकी एक जण सहज म्हणून गेले, “त्याला काय समजतं त्यातलं? बघतो तेवढं पुष्कळ.” ताई काही बोलली नाही. सासूबाईच म्हणाल्या, “त्याना हातमा दे ना.”

हातात द्यायचे कसे, याचे उत्तर दूर अमेरिकेत पूर्वीच सापडलेले आहे आणि तेही खेळण्यातल्या रेल्वेतच.

लायोनेल ही तिथली जुनी खेळण्यांची कंपनी, १९०० साली सुरू झालेली. १९३५ मध्ये तिने गाडीत खरी शिट्टी बसवली. टेंडरमध्ये छोटा विजेचा पंखा ठेवून त्याच्या हवेने ती वाजे. १९४५ मध्ये दुरून सोडता येणारे पंजाचे कपलर आले. पण ते सोडवायला गाडी रुळाच्या एका ठरावीक तुकड्यावर आणावी लागे. कुठेही उभी असली तरी सुटेल अशी सोय सर्रास मिळायला आणखी अर्धशतक लागले आणि त्यात एका गायकाचा वाटा होता. नील यंग त्याचे नाव. जन्म कॅनडातला, नावलौकिक अमेरिकेतला. त्याच्या १९७८ साली जन्मलेल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. मुलाला बोलता येत नव्हते, हातांवर ताबा नव्हता. बापाला खेळण्यातल्या रेल्वेचे वेड. त्याने शेतावरच्या मोठ्या कोठारात रूळ मांडले आणि मुलाला गाडी चालवता यावी म्हणून एक मोठे बटण बनवून घेतले. पुढे त्याच खटपटीतून बिनतारी नियंत्रणाची आणि आवाजाची व्यवस्था उभी राहिली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर लायोनेलने ती बाजारात आणली आणि १९९५ साली ती कंपनी विकत घेणाऱ्यांत नील यंग स्वतः भागीदार झाला. आज जगभरची धडधाकट मुले आणि निवृत्त आजोबा आरामखुर्चीत बसून दूर उभ्या इंजिनाचा कपलर सोडतात. त्या सोयीमागे ज्याची बोटे वळत नव्हती अशा एका मुलाची गरज होती, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? बोलू न शकणाऱ्या आणि शरीराने जखडलेल्या मुलांसाठी नील यंगच्या पत्नीने इतरांच्या सोबतीने १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ब्रिज स्कूल’ ही शाळाही काढली.

ही हकिकत मी दाजींना सांगितली. ते गायक नाहीत, कंपनी विकत घेणारे तर नाहीतच. पण बटणे हा त्यांचा रोजचा धंदा आहे. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर दोन मोठी बटणे असतात, हिरवे चालू करण्याचे आणि लाल थांबवण्याचे. मी म्हटले, लालच लावा, मोठे असते. ते म्हणाले, “तसं चालत नाही, दादा. लाल बटणातली जोडणी एरवी जुळलेली असते, दाबल्यावर तुटते. आपल्याला दाबल्यावर जुळणारी हवी, म्हणजे हिरवं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून तळहाताएवढ्या टोपीची दोन हिरवी बटणे आणली.

काम तासाभराचे होते. रिमोट उघडला. आत प्रत्येक बटणाखाली तांब्याच्या दोन पट्ट्या असतात. रबरी बटण दाबले की त्याच्या तळाची काळी चकती त्या दोन पट्ट्यांना जोडते आणि हुकूम सुटतो. त्या पट्ट्यांना दोन बारीक तारा डाग देऊन बाहेर काढल्या आणि मोठ्या बटणाला जोडल्या, झाले. मूळचे बटणही चालूच राहते. रिमोटमध्ये तीन बारीक सेल असतात, त्यामुळे झटक्याची भीती नाही. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या वस्तूशी हा प्रयोग मात्र कुणी करू नये. बटणे एका फळीवर बसवली आणि फळी त्याच्या मांडीवर ठेवली. एक भोंग्याचे, दुसरे कपलरचे. वेगाचा नॉब थोरल्या भावाकडे राहिला.

पहिल्यांदा त्याची मूठ भोंग्यावर पडली तेव्हा आम्ही सगळे त्याच्या अंगाकडे बघत होतो. तो दचकला नाही. तोच भोंगा, तेवढाच मोठा. दुसऱ्याने वाजवला की शरीर ताठ होत होते, स्वतः वाजवला तेव्हा काही झाले नाही. विचार केला तर यात आश्चर्य नाही. जो आवाज आपण करणार असतो तो येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. पण ती साधी गोष्ट डोळ्यांसमोर घडली तेव्हा ताई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कपलरला वेळ लागला. सुरुवातीला तो केव्हाही दाबायचा आणि गाडी ओढीवर असल्याने काही सुटायचे नाही. पोरे ओरडायची. त्याच्या भावाने मग एक गोष्ट केली, जी आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. गाडी थांबवून, किंचित मागे घेऊन तो गप्प उभा राहिला. काही बोलला नाही, याच्या मुठीकडे बघत राहिला. मिनिटभर, कदाचित जास्तच. खोलीत नुसता इंजिनाचा उभ्या-उभ्याचा घरघर आवाज. मग मूठ हलली, घसरली, पुन्हा उचलली आणि बटणावर आली. खट् असा आवाज झाला. इंजिन एकटे पुढे गेले, वाघिणी जागेवर राहिल्या. तिसऱ्या दिवशी तो मागे सरकल्याचा आवाज ऐकूनच मूठ उचलू लागला होता. जे आपण वाक्यांत समजावतो, ते त्याने कानांनी शिकून घेतले होते.

खऱ्या यार्डात हेच चालते. शंटिंग करणाऱ्या माणसाने हात दाखवल्याशिवाय ड्रायव्हर इंजिन हलवत नाही. त्याच्यामागे कितीही अश्वशक्ती असो, तो वाट पाहतो. त्या खोलीत गल्लीतली सहा-सात धावती-पळती पोरे एका न बोलणाऱ्या मुलाच्या मुठीची वाट पाहत होती. वाट पाहण्याखेरीज त्यांना गत्यंतर नव्हते, कारण कळ त्याच्या हातात होती. माझ्या मते या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दया दाखवणे सोपे असते. दुसऱ्यासाठी थांबणे अवघड, आणि ज्याच्यासाठी कुणी थांबते त्याला आपण मोजले जातो आहोत हे कळते.

आपल्या घरांत अशा मुलांचे प्रेम कमी होत नाही, हे मी शपथेवर सांगेन. खाऊ-पिऊ घालणे, अंग पुसणे, उचलून दारात बसवणे, आयाबाया जन्म काढतात. पण ते सगळे त्याच्यासाठी केले जाते, त्याने करायचे असे काही उरत नाही. पंखा आपण लावतो, रेडिओ आपण लावतो, गणपतीपुढची घंटा आपण वाजवतो आणि तो पाहतो. पाहण्यातही आनंद असतो. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभे केले आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सिग्नल, पूल, गावे आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्यांचा तो देखावा मुलांना जरूर दाखवावा. परंतु देखावा पाहून आल्यावर घरी काहीतरी चालवायलाही मिळावे.

त्यासाठी अमेरिकेची गाडी लागत नाही. सेलवर चालणारे कुठलेही खेळणे घ्या, चेंडू उडवणारे माकड असो की गाणारी बाहुली. एक मोठे बटण आणि हातभर तार. मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही पोरगा ते जोडून देईल. मूठ चालत नसेल तर कोपराने, कोपर चालत नसेल तर डोक्याने दाबता येईल अशा जागी बटण बसवता येते. कुठे बसवायचे, हे ठरवण्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला जरूर विचारावे. आवाजाचे खेळणे असेल तर आधी आवाज कमी करावा आणि पहिल्यांदा त्यालाच दाबू द्यावे. दाबायला वेळ लागला तर आपण त्याचा हात धरून दाबू नये. हा शेवटचा नियम सगळ्यांत अवघड आहे.

आपल्या तालुक्यांच्या गावी तंत्रनिकेतने आहेत, आयटीआय आहेत. दरवर्षी तिथली मुले प्रोजेक्ट म्हणून दारावरची बेल नाही तर आपोआप लागणारा दिवा बनवतात, गुण मिळवतात आणि ते कपाटात पडून राहते. त्याऐवजी जवळपासच्या एका अपंग मुलाच्या घरी जावे, त्याला शरीराचा कुठला भाग हलवता येतो ते पाहावे आणि त्या हालचालीला पुरेल असे एक बटण बनवून द्यावे. खर्च फार नाही. शिक्षकांनी मनावर घेतले तर येत्या सत्रातच सुरुवात होऊ शकेल.